चार नंबर आणि नऊ नंबर

आपला मुलगा आपला आहे की नाही, याची तागडीमास्तरांना चौतीस वर्षं खात्री नव्हती. आणि चौतीस वर्षांत त्यांनी हे कुणापाशीही बोलून दाखवलं नव्हतं. बायकोपाशी नाही, मुलापाशी तर नाहीच नाही. एक संशय पोटात ठेवून माणूस किती वर्षं दोन वेळा नीट जेवू शकतो, याची कुणी नोंद ठेवत असेल तर मास्तर त्यात फार वर लागतील.

मास्तर रंगारी. घरामागे पत्र्याची शेड, शेडमध्ये दोन भट्ट्या, तीन मोठी पातेली, ढवळायचे दांडके, आणि अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत वाळवणाच्या दोऱ्या. विटलेले कपडे, पडद्यांचं कापड, शाळांचे गणवेश, विणकरांच्या सुताच्या लडी, येईल ते रंगवून द्यायचे. भिंतीला लाकडी मांडणी आणि तिच्यावर रंगाच्या पुडीचे सव्वीस डबे, एकेकावर नंबर. नंबर पुसला गेला तर? म्हणून डब्याच्या बुडाला खिळ्यानं कोरलेला तोच नंबर. आणि कुणी मुद्दाम झाकणं बदलली तर? म्हणून झाकणाच्या आतल्या बाजूलाही तोच नंबर. त्या मांडणीला हात लावायची घरात कुणाची टाप नव्हती. दुसरे रंगारी चमच्यानं, चिमटीनं, अंदाजानं रंग घालायचे. मास्तर रंग पक्का बसायला घालायचं मीठसुद्धा सोनाराच्या तागडीसारख्या बारीक तागडीत तोलायचे. म्हणून लोकांनी नाव पाडलं तागडीमास्तर.

गिऱ्हाईक नमुना घेऊन आलं की मास्तर त्या नमुन्याकडे ढुंकूनही बघत नसत. एक जाडजूड वही पुढे सरकवायचे. वहीत शेकडो चिंध्या चिकटवलेल्या, प्रत्येकीखाली नंबर.

"तुमचा रंग यात कुठे बसतो तो तुम्हीच शोधा. तुम्ही बोट ठेवा, मी रंग देतो. मागाहून कुरकुर चालणार नाही."

गिऱ्हाइकाला वाटायचं, काय काटेकोर माणूस आहे! मग बोट ठेवलेल्या नंबराचं माप मास्तर दुसऱ्या वहीतून काढायचे, पुड्या तोलायचे, घड्याळ लावायचे, आणि रंग उतरायचा तो जसाच्या तसा. दहा वर्षांनी या, तोच रंग. बाजारात बोललं जायचं की रंगाची नजर असावी तर तागडीमास्तरांसारखी.

आता खरं काय ते सांगतो. मास्तरांना लाल आणि हिरवा यातला फरक दिसत नव्हता. अजिबात नाही. दोन्ही त्यांना एकाच मातकट रंगाचे दिसायचे. गुलाबी आणि राखाडी यांचीही तीच गत. शिकाऊ असताना उस्तादांनी हिरवी लडी मागितली आणि यांनी लाल आणून दिली. "माझी चेष्टा करतोस?" म्हणून कानाखाली एक बसली, बाकीचे कारागीर फिदीफिदी हसले. त्या दिवसापासून मास्तरांनी नजरेवर भरवसा ठेवायचं सोडलं आणि नंबरांवर ठेवला. त्यांचा मामाही तसाच होता. बाजारातून कच्चे टोमॅटो पिकलेले म्हणून उचलून आणायचा आणि मामी चारचौघांत त्याचा उद्धार करायची. आई म्हणायची, "हा माझ्या भावावर गेलाय." मास्तरांनी त्यातून एवढंच घेतलं की हे रक्तातून येतं. कुणाकडून येतं आणि कुणाकडे जातं, ते विचारायचं कुणाला? विचारायचं तर आधी स्वतःचं सांगावं लागतं.

असलं गुपित घेऊन जगणारा माणूस संशयी होणार नाही तर काय होईल? कुणी दोन चिंध्या शेजारी शेजारी धरल्या की मास्तरांच्या मनात पाल चुकचुकायची: हा मला पारखायला आलाय. कुणी सहज म्हणालं, "आज आभाळ काय सुंदर रंगलंय," तर हे आधी त्याच्या तोंडाकडे बघायचे. घरात बायको मांडणीजवळून केरसुणी घेऊन गेली तरी डबे मोजायचे. तिला यातलं काहीच माहीत नाही, अशी त्यांची पक्की समजूत होती.

मुलगी चार वर्षांची झाली तेव्हा मास्तरांनी चार नंबरची चिंधी आणि नऊ नंबरची चिंधी तिच्यापुढे धरली. चार नंबर लाल, नऊ नंबर हिरवा. मुलीनं झटकन सांगितलं. ठीक आहे, मुलगी आहे, आईवर गेली, असं म्हणून मास्तरांनी ते सोडून दिलं. तिच्यामागं पाच वर्षांनी मुलगा झाला आणि तोही चार वर्षांचा झाला. मास्तरांनी पुन्हा त्याच दोन चिंध्या काढल्या. यावेळी त्यांची खात्री होती की पोराला सांगता येणार नाही. वाईट हेतू नव्हता हो! उलट, याला लहानपणापासून नंबरांची युक्ती शिकवायची, म्हणजे याला कुणा उस्तादाची थप्पड खावी लागणार नाही, असं त्यांनी मनाशी ठरवून ठेवलं होतं. नवी वहीसुद्धा आणून ठेवली होती.

"ही लाल," पोरगा म्हणाला, "आणि ही हिरवी."

मास्तर बघतच राहिले. "तुला कुणी शिकवलं?"

"शिंपीकाकांनी. बटणं दाखवून."

शिंपी म्हणजे शेजारचा. शेड आणि शिंप्याचं दुकान यांच्यामध्ये एकच भिंत, भिंतीत एक खिडकी. इकडून रंगलेलं कापड तिकडे जायचं, तिकडून चहाचे कप इकडे यायचे. दिवसभर त्या खिडकीतून गप्पा आणि टवाळक्या. पोरगा तर तिच्यातून सरळ चढून पलीकडे जायचा आणि बटणांच्या डब्यात हात घालून बसायचा.

त्याच दिवशी मास्तर दवाखान्यातल्या कंपाउंडरकडे गेले, खोकल्याचं निमित्त काढून. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच विचारलं, "एखाद्या बापात जन्मजात काही खोट असली, तर ती मुलात उतरते का हो?"

कसली खोट, हे काही त्यांनी सांगितलं नाही. ताकास तूर लागू द्यायची नाही, हा त्यांचा जन्माचा बाणा. कंपाउंडर बाटलीला बूच लावत होता. त्यानं बहुतेक टकलाबिकलाचा विचार केला असेल.

"उतरणारच की!" तो म्हणाला. "बापाचं मुलात नाही उतरणार, तर काय शेजाऱ्याच्या मुलात उतरणार?" आणि आपल्याच विनोदावर खो खो हसला.

झालं. तो हसला आणि विसरला. मास्तर मात्र तो विनोद खोकल्याच्या औषधाबरोबर घरी घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पोराला शेडमध्ये बोलावलं आणि त्याच्यापुढे सात चिंध्या मांडल्या. सगळ्या फसव्या. विटकरी, शेवाळी, गुलाबी, राखाडी, काय काय. मागे लिहिलेले नंबर फक्त मास्तरांना ठाऊक होते. पोरगा मांडी घालून बसला आणि एकेका चिंधीवर बोट ठेवत गेला. त्याला काही नावं येत नव्हती, तिथं त्यानं "विटेसारखा", "भिंतीवरच्या शेवाळासारखा" असं सांगितलं. सातही बरोबर. पोरगा शाबासकीची वाट बघत वर बघू लागला, आणि मास्तरांनी चिंध्या त्याच्या पुढ्यातून ओढून घेतल्या.

"बस. आत जा. आता इथे परत यायचं नाही."

त्याच आठवड्यात खिडकी विटा लावून बुजवली. शिंप्याला सांगितलं, धूळ येते. बायकोला सांगितलं, उष्णता येते. दोघांना दोन कारणं सांगू नयेत एवढंही भान राहिलं नाही या शहाण्याला.

तेव्हापासून मास्तरांच्या मनात एक तागडी कायम टांगलेली राहिली. मुलाची करंगळी आपल्यासारखी वाकडी, हे एका पारड्यात. चालताना उजवा खांदा पाडतो आणि शिंपीही पाडतो, हे दुसऱ्या पारड्यात. शिंप्याचा खांदा मशीनवर वाकून वाकून पडला होता आणि पोराचा दप्तराच्या ओझ्यानं, हे डोक्यात येईल तर शपथ! शिंक आपल्यासारखी. हसणं कुणासारखं? कपाळ कुणासारखं? पोरगा जेवायला बसला की बाप त्याच्या कानाच्या पाळ्या निरखत बसायचा. बायको वाढता वाढता विचारायची, "काय बघता हो एवढं?" "काही नाही," म्हणून हे पानात बघायचे. आणि शेवटी सगळं तोलून झालं की त्या सात चिंध्या येऊन पडायच्या आणि पारडं धाडकन खाली जायचं.

मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, शाळेत घातलं, कपडेलत्ते केले. पण धंदा शिकवला नाही. पोरगा शेडच्या उंबऱ्याशी येऊन उभा राहायचा, भट्टीकडे बघत. मास्तर मागे न वळता म्हणायचे, "काय काम आहे?" काही काम नसायचं. पुढे पुढे तो उंबऱ्याशी यायचाही थांबला. मोठा झाला आणि पाट्या रंगवायला लागला. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या. हात असा बसला की लांबून लोक यायचे. लग्न झालं, वेगळं घर केलं. रविवारी यायचा, बाहेरच्या खोलीत बसायचा, आईशी तासभर बोलायचा, बापाला "बरं आहे ना?" विचारायचा आणि जायचा. बाप "बरं आहे" म्हणायचा. चौतीस वर्षांचा संसार त्या दोघांचा, तो असा.

शिंपी आठ वर्षांपूर्वी वारला. मास्तर अंत्यविधीला गेले आणि तिथंही त्याच्या चेहऱ्याकडे बघत उभे राहिले. लोकांना वाटलं, केवढी ही माया.

आणि मग या साऱ्यात मुलीचा मुलगा उगवला. उगवला म्हणजे होता आधीपासूनच, एकवीस वर्षांचा. मास्तरांचा लाडका नातू. रेल्वेचं इंजीन चालवायच्या नोकरीसाठी लेखी परीक्षेत पहिल्या दहात आलेला, आणि डोळ्यांच्या तपासणीत नापास. ठिपक्यांच्या गोलातला आकडा त्याला वाचताच येईना. लाल-हिरवा ओळखत नाही, असा शेरा.

मुलीच्या सासरी हलकल्लोळ. कुणीतरी विहीणबाईंना सांगितलं की हे दुखणं मुलाला आईकडूनच येतं. विहीणबाईंना तेवढंच पुरे होतं. "लपवून मुलगी दिली आम्हाला! तुझ्या माहेरी कोण आहे असं, ते सांग आधी." मुलगी रडत माहेरी आली.

"मी त्यांना तोंडावर सांगितलं, बाबा," ती डोळे पुसत म्हणाली. "म्हटलं, माझे वडील रंगारी आहेत! रंगातलं त्यांच्याइतकं कुणाला कळतं? आमच्या घरात असलं काही असणंच शक्य नाही."

मास्तरांच्या मनात पहिला विचार काय यावा? पोरीवर खोटेपणाचा आळ येतोय, हा नाही. 'हिला कुणी पाठवलंय का मला बोलतं करायला?' हा! सवय, दुसरं काय.

दुसरा विचार मात्र त्यांना बसू देईना. हे आपल्यातून आलं असेल, तर मुलाला सोडून नातवात कसं गेलं? मधल्या मुलीला तर सगळं दिसतं. त्या कंपाउंडरच्या हिशेबात हे बसत नव्हतं. म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे जायचं ठरलं तेव्हा, "मीही येतो," असं मास्तर स्वतःहून म्हणाले. बायको, मुलगी, नातू आणि मास्तर, असे चौघे गेले.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी कागद पुढे ओढला.

"आपल्या शरीरात गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात. बारीक धागे समजा. प्रत्येक जोडीतला एक धागा आईनं दिलेला, एक वडिलांनी. डोळे कसे, केस कसे, उंची किती, यातलं बरंच काही त्या धाग्यांवर लिहिलेलं असतं. त्यातली एक जोडी मुलगा की मुलगी ते ठरवते. बाईकडे दोन एक्स असतात. पुरुषाकडे एक एक्स आणि एक वाय. लाल-हिरवं ओळखण्याचा मजकूर असतो एक्सवर. वायवर तो नसतोच. बाईचा एक एक्स बिघडलेला असला तरी दुसरा सांभाळून घेतो, म्हणून तिला बहुधा सगळं नीट दिसतं. पुरुषाकडे सांभाळून घ्यायला दुसरा नाही." त्यांनी दोन पेनं उचलली आणि भराभर रेघा ओढल्या. "हे बघा आजोबा, बिघडलेला धागा मी लाल काढलाय, चांगला हिरवा. आता लाल धागा कुठून कुठे गेला ते बघा."

मास्तर कागदावर वाकले. चष्मा वर केला, खाली केला. चाळीस-पन्नास वर्षं असल्या प्रसंगातून निसटायच्या शंभर वाटा त्यांनी घोटून ठेवल्या होत्या. चष्मा घरी राहिला म्हणता आलं असतं. उजेड कमी आहे म्हणता आलं असतं. शेजारी मुलगी बसली होती, डोळे सुजलेले.

"बाई," ते म्हणाले, "मला दोन्ही सारखेच दिसतात."

"मलापण, आजोबा," नातू म्हणाला.

"अरे देवा, माझंच डोकं फिरलंय!" डॉक्टरीणबाईंनी कपाळावर हात मारला. "तुम्हाला दाखवायला मी लाल-हिरवं घेतलं!"

मुलगी "बाबा?" एवढंच म्हणाली आणि त्यांच्याकडे बघत राहिली. बायकोच्या चेहऱ्यावर मात्र आश्चर्याचा लवलेशही नव्हता, आणि ते मास्तरांनी पाहिलं.

मास्तरांकडून मामाचं ऐकून घेऊन बाईंनी निळा आणि काळा पेन घेतला आणि सगळं पुन्हा काढलं. मास्तरांच्या आईकडे एक बिघडलेला धागा, तोच तिच्या भावाकडे, म्हणून मामा तसा. आईनं तो धागा मास्तरांना दिला. मास्तरांनी मुलीला दिला, कारण मुलीला वडिलांचा एक्सच मिळतो. मुलीत तो लपून राहिला आणि नातवात वर आला. "यात कुणाचा दोष नाही, कुणी लपवाछपवी केलेली नाही," त्या मुलीला म्हणाल्या. "सासूबाईंना माझ्याकडे घेऊन या. मी समजावते."

मुलीनं सुस्कारा सोडला. सगळं आटोपलं असं समजून ती उठायला लागली.

"आणि मुलाला?" मास्तरांनी विचारलं. "माझ्या मुलाला?"

"तुमच्या मुलाला तुम्ही वाय दिलात. म्हणूनच तो मुलगा झाला. एक्स त्याला आईचा. तुमचं हे त्याच्यात जाऊच शकत नाही."

"म्हणजे त्याला सगळे रंग दिसले तर..."

"दिसायलाच हवेत. त्यात नवल काय?"

मास्तरांनी निळ्या-काळ्या रेघांचा कागद आपल्याकडे ओढला. पण मुरलेला संशयी तो, इतक्यानं सुटतो होय! "म्हणजे रंग दिसतात यावरून तो... कुणाचा, काय, काहीच ठरत नाही?"

"काहीच नाही. इकडेही नाही, तिकडेही नाही." बाईंनी सहज विचारलं, "कशासाठी ठरवायचंय? त्याची तपासणी वेगळी असते. हवी असेल तर पत्ता देते."

मास्तरांनी मान हलवली. नको म्हणून. शेजारच्या खुर्चीवर बायको इतकी स्तब्ध बसली होती की तिच्याकडे वळून बघायची त्यांची छाती झाली नाही.

मुलगी आणि नातू आपल्या घरी गेले. ही दोघं घरी आली. बायकोनं चपला काढल्या, सरळ शेडमध्ये गेली आणि बुजवलेल्या खिडकीसमोर उभी राहिली. विटांवरचा गिलावा बाकीच्या भिंतीपेक्षा अजूनही जरा पुढे आलेला दिसत होता.

"धूळ येत होती म्हणे," ती म्हणाली. "उष्णता येत होती म्हणे."

मास्तर तिच्यामागून येऊन भट्टीपाशी थांबले.

"तुम्हाला रंग दिसत नाहीत हे मला लग्नानंतर महिन्याभरात कळलं होतं. माझ्या हिरव्या शालीला लाल म्हणालात. मी म्हटलं, लपवतायत तर लपवू दे, माणसाला अब्रू असते. दोरीवरचं कापड डागाळलं तर तुमच्याआधी उठून मी ते पुन्हा पातेल्यात टाकलंय. किती वेळा, ते मीसुद्धा मोजलं नाही. डब्यांची झाकणं पोरीनं खेळताना बदलली होती, ती मी लावली, नंबर बघून. पंचेचाळीस वर्षं तुमचं झाकलं मी. आणि तुम्ही माझ्यावर..." तिनं त्या गिलाव्यावर हात ठेवला. "त्या शिंप्यानं मरेपर्यंत विचारलं मला, वहिनी, मास्तर माझ्याशी का बोलत नाहीत? मी काय उत्तर देणार होते?"

"माझं चुकलं," मास्तर म्हणाले.

"करून घ्या ती तपासणी. मी मुलाला घेऊन येते. एवढं आयुष्य तोलत आलात, आता एकदाचं वजन करून टाका."

"नको."

"का नको? भीती वाटते?"

"आजवर जे तोललं ते खोटं निघालं. आता तोलायचं नाही मला." आणि हा साठी ओलांडलेला माणूस भट्टीच्या कट्ट्यावर बसून ओक्साबोक्शी रडला.

बायको त्यांच्याजवळ गेली नाही. जायलाच हवं होतं असं कुणी म्हणेल, तर त्यानं खुशाल म्हणावं. पदरानं डोळे टिपून ती दारातूनच म्हणाली, "माझ्यापाशी रडून काय उपयोग? ज्याला उंबऱ्यावर उभं ठेवलंत त्याच्याकडे जा. आणि खरं सांगा. गोल गोल बोलू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर मुलाच्या दुकानात गेले. दुकान थाटल्यापासून पहिल्यांदाच. लांबट खोली, भिंतीला टेकवलेल्या अर्धवट पाट्या, तेलाचा आणि टर्पेंटाइनचा वास. मुलगा एका दवाखान्याची पाटी रंगवत होता. बापाला दारात बघून त्याचा ब्रश थांबला.

"आई बरी आहे ना?" त्यानं घाबरून विचारलं. बाप आला म्हणजे काहीतरी विपरीत झालं असणार, दुसरं काय!

"बरी आहे."

मास्तरांनी खिशातून दोन चिंध्या काढल्या आणि रंगाच्या डब्यांशेजारी बाकावर ठेवल्या. मुलानं त्या पाहिल्या आणि त्याचा चेहरा एकदम आवळला. अडतीस वर्षांचा, दोन पोरांचा बाप, पण क्षणभर तो पाढा पाठ न झालेल्या पोरासारखा दिसला.

"परत परीक्षा?" त्यानं विचारलं.

"परीक्षा नाही. यातली लाल कोणती, ते सांग. मला दिसत नाही."

"म्हणजे?"

"मला लाल-हिरवं कळत नाही. जन्मापासून. आजवर नंबर बघून काम केलं." मग त्यांनी नातवाचं, डॉक्टरीणबाईंचं, धाग्यांचं, सगळं सांगितलं. मुलगा ऐकत होता, पण त्याचं लक्ष त्या चिंध्यांवरून हलत नव्हतं.

"बाबा," तो म्हणाला, "त्या दिवशी सातांतल्या किती चुकल्या होत्या माझ्या?"

मास्तरांना आधी कळलंच नाही.

"मी चुकलो म्हणून तुम्ही मला शेडमधून काढलंत ना? मग मी खूप शिकलो. शिंपीकाकांकडे जाऊन दोऱ्यांची रिळं लावत बसायचो. शाळेच्या वाटेवर दिसेल त्या वस्तूचा रंग पुटपुटत जायचो. म्हटलं, एक दिवस तुम्ही परत विचाराल, तेव्हा एकही चुकायचा नाही. तुम्ही विचारलंच नाहीत. किती चुकल्या होत्या?"

"एकही नाही," मास्तर म्हणाले. "सातही बरोबर होत्या."

"मग मला का काढलंत?"

गोल गोल बोलायच्या वाटा पुष्कळ होत्या, आणि मास्तरांना त्या सगळ्या पाठ होत्या. त्यांनी बाकाची कड घट्ट धरली.

"मला दिसत नाही आणि तुला दिसतं, म्हणून मला वाटलं तू माझा नाहीस. कुणाला विचारलं नाही. आईलाही नाही. चौतीस वर्षं तेच धरून बसलो. ते सगळं खोटं होतं रे. माझ्यासारखा मूर्ख मीच."

मुलानं दवाखान्याच्या पाटीवरचं अर्धं राहिलेलं अक्षर पुरं केलं. ब्रश धुतला, पुसला, डब्यात उभा ठेवला. डब्याचं झाकण लावताना त्याचा हात दोनदा घसरला.

"आईला कळलंय हे?"

"काल."

"आणि तिला घरी एकटीला ठेवून तुम्ही इथे आलात?" तो पहिल्यांदाच ओरडला. मग चपला पायात सरकवल्या. "चला."

"कुठे?"

"कुठे काय! आईकडे."

तो पुढे, मास्तर मागे. त्यानं मागे वळून पाहिलं नाही, आणि आधाराला हात वगैरे तर नाहीच नाही. उजवा खांदा पाडून तो तरातरा चालत होता. मास्तरांची नजर सवयीनं त्या खांद्यावर गेली आणि त्यांनी ती खाली रस्त्यावर वळवली. दोघं चौकात आले. समोर सिग्नल होता, गाड्या सुटलेल्या. मुलगा कडेला थांबला.

"लाल आहे," तो मान न वळवता म्हणाला. "थांबा."

वरचा दिवा लागला की थांबायचं, खालचा लागला की निघायचं, हे मास्तरांना पन्नास वर्षं पाठ होतं. तरी ते थांबले. मग खालचा दिवा लागला, आजूबाजूची माणसं निघाली. मास्तर तिथंच उभे होते, मुलाच्या मागे एक पाऊल, तो "चला" म्हणेपर्यंत.